मिटकीचा काळा दात

एक होती उंदरी. नाव तिचं मिटकी. राहायची केतकीच्या घराच्या कौलांखाली. झोपताना गूळ चघळायची. चूळ? छे! दातण? छे छे!

एक दिवस, टप्! कौलावर इवलासा दात पडला. खालून केतकी ओरडली,
"उंदीरताई, माझा पडका दात घे, तुझ्यासारखा पांढरा दात दे!"

मिटकीने तांब्यात तोंड पाहिलं. अगं बाई! पांढरा दात गेला कुठे? हा तर काळाकुट्ट! वर गुळाची पुटंच पुटं. आता केतकीला काय द्यायचं? मिटकीला रडूच आलं.

निघाली मिटकी दारच्या कडुलिंबाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"लिंबोबा, लिंबोबा, काडी द्या!
काडी मला,
दात होईल पांढरा,
केतकीला देईन खरा!"
"मला लागलीय तहान. आधी पाणी आण, मग काडी देतो."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बादलीताई, बादलीताई, पाणी द्या!
पाणी लिंबोबांना,
काडी मला,
दात होईल पांढरा,
केतकीला देईन खरा!"
"माझा दोर तुटला, विहिरीत उतरू कशी? आधी दोर आण, मग पाणी देते."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गेनूकाका, गेनूकाका, दोर द्या!
दोर बादलीताईला,
पाणी लिंबोबांना,
काडी मला,
दात होईल पांढरा,
केतकीला देईन खरा!"
"चहाशिवाय हात चालेना गं! आधी चहा आण, मग दोर वळतो."

तुरुतुरु तुरुतुरु.

"यमूकाकू, यमूकाकू, चहा द्या!
चहा गेनूकाकांना,
दोर बादलीताईला,
पाणी लिंबोबांना,
काडी मला,
दात होईल पांढरा,
केतकीला देईन खरा!"
"कशाचा चहा, कप्पाळ! गुळाचा डबा रिकामा. कुणी चट्टामट्टा केला, कुणास ठाऊक! आधी गूळ आण, मग चहा देते."

मिटकीने शेपूट लपवली. कौलांखाली होता गुळाचा एक अख्खा खडा, पानात गुंडाळलेला. कुणाचा? काकूंचाच की! देऊन टाकला, तर झोपताना काय चघळायचं? नाही दिला, तर केतकी बोळकीच राहायची!

"घ्या काकू, तुमचाच आहे!"
गडगड गडगड! आला खडा.

मग काय! काकूंनी चहा दिला, फुर्रर्र! काकांनी दोर वळला, सर्रर्र! बादलीने पाणी काढलं, धबाक! लिंबोबा पाणी प्याले, गटगट! वरून काडी पडली, टप्!

घास घास घास. ई, कडू कडू! थू थू! घास घास घास. खुळखुळ खुळखुळ. दात चकाचक!

मिटकीने कौलातून केतकीच्या बोळक्यावर फुंकर घातली, फू! "घे गं केतकी, माझ्यासारखाच पांढरा दात!"

थोड्या दिवसांनी केतकीच्या हिरडीतून डोकावलं एक पांढरं टोक. केतकी खुदकन हसली. तिने कौलावर टाकला एक शेंगदाणा. मिटकीने खाल्ला, कुटुक! आणि मग? चूळ भरली, खुळखुळ!

मिटकी निजली, गोष्ट थांबली. ऐकणाऱ्यांनो, तुमची चूळ भरून झाली?