घाण्याचा डोह

शेलवडीहून कोळदऱ्याला जाताना वाटेत तांबडी नदी लागते. नदीवर उंच पूल नाही, फरशी आहे. उन्हाळ्यात तिच्याखालून पाण्याची एक बारीक धार वाहते आणि गुरं निवांत पलीकडं जातात. फरशीच्या डाव्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, काळ्या पाण्याचा एक डोह आहे. बाकी नदी सरळ वाहते, डोहातलं पाणी मात्र गोल फिरतं. वारा नसला तरी फिरतं. पाण्यात पडलेलं पान कडेकडेनं फेरा घेत आत आत जातं आणि मध्यावर आलं की दिसेनासं होतं. या जागेला घाण्याचा डोह म्हणतात.

फरशीवरून पाणी गेलं की अलीकडच्या टपरीपाशी गाड्यांची रांग लागते. परगावची माणसं चुळबुळतात, घड्याळ बघतात, कुणीतरी विचारतं, "आबा, जाईल का हो गाडी?" टपरीतले भिवाआबा भोई त्याचं उत्तर देत नाहीत. पूर्वी या घाटावर त्यांच्या घराण्याचीच माणसं उतारू पलीकडं न्यायची. आबा फडक्यानं बाक पुसतात. "टेका जरा," म्हणतात. "पाणी काही तुमच्यासाठी थांबायचं नाही, तवा तुम्हीच थांबा." मग डोहाकडं तोंड करून ते सांगू लागतात.

फार मागं, फरशी नव्हती तेव्हाची गोष्ट आहे, असं सांगतात. तेव्हा इथं नुसता उतार होता. नदीच्या तळाशी गावकऱ्यांनी दगड बसवून गाडीपुरती वाट केली होती. त्या वाटेवर पाणी पोटरीला लागायचं, आणि वाट सोडली की माणूस बुडायचा.

शेलवडीत केरबा आणि लिंबा असे दोघं तेली भाऊ राहायचे. आई-बाप लवकर गेलेले. थोरल्या केरबानं धाकट्याला हातावर वाढवलं होतं. घरात एक लाकडी घाणा आणि हौश्या नावाचा एक बैल. घाण्याचा बैल गरगर फिरून घेरी येऊन पडू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर कातड्याचं झापड बांधतात. हौश्याला वासरू असल्यापासून तीच सवय. झापड चढलं की तो मान खाली घालायचा आणि डाव्या अंगाला वळत चालू लागायचा. हाकायला लागायचं नाही. केरबानं "हं, हं" केलं की थांबायचा.

लिंबाला शाळा नाही, धीर नाही. मनात आलं की हात चाललाच. केरबा हसून म्हणायचा, "ह्याला बी एक झापड बांधाया पायजे, म्हंजे सरळ चालंल."

केरबाची बायको ठकू बाळंतपणाला कोळदऱ्याला माहेरी गेली होती. मुलगा झाल्याचा सांगावा आला. बारसं ठरलं. केरबानं बाळाच्या अंगाला लावायला तिळाचं तेल काढलं, पहिल्या धारेचं. ते कातडी बुधल्यात भरलं, छकड्यात ठेवलं, हौश्याला जुंपलं आणि निघाला. लिंबा उतारापर्यंत पोचवायला आला.

वरती डोंगरात पाऊस झाला असावा. नदी गढूळ होऊन दोन्ही काठांना लागली होती. उताराचे दगड दिसत नव्हते. काठावर चार-दोन गावकऱ्यांबरोबर येसू भोई बसला होता, भिवाआबांच्या पणज्याचा बाप.

"आज नगं, केरबा," येसू म्हणाला. "जनम गेला माझा हितं. पर खाली वाट कुठं हाय ते आज मला बी दिसंना."

"येसूकाका, ह्या वाटंनं मी डोळं झाकून जाईन."

"तू जाशील. बैलाला इचार."

हौश्या पाण्याच्या कडेला थांबला होता. पुढचे दोन्ही पाय त्यानं चिखलात रोवले होते. केरबानं चुचकारलं, शेपटी पिळली, पण तो हलेना.

"बघ, तुझ्यापरीस त्योच शाना हाय," येसू म्हणाला.

"त्याला कुठं लेक झालाय, काका?" केरबा म्हणाला, तसे सगळे हसले. लिंबा सगळ्यांत मोठ्यानं हसला.

आणि त्याच हसण्यात त्याला सुचलं. "दादा, थांब!" म्हणून तो घराकडं पळत सुटला. घाण्यावरचं झापड घेऊन धापा टाकत परत आला. "हे बांध. मग बघ कसा जातुया."

केरबानं झापड बांधलं. हौश्यानं लगेच मान खाली घातली. अंगावरची थरथर थांबली. आपण घरी आहोत, समोर घाणा आहे, असंच त्याला वाटलं असणार. केरबा छकड्यात बसला, मागं वळून त्यानं लिंबाला हात केला आणि छकडा पाण्यात उतरला.

पहिल्यांदा सरळ गेला. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याला लागलं, तरी चालत होता. लिंबा काठावरून ओरडत होता, "शाबास हौश्या!" मधल्या धारेत गेल्यावर बैल किंचित डावीकडं कलला. केरबानं उजवा कासरा ओढला. बैल आणखी डावीकडं वळला. जन्मभर डोळे झाकून तो याच अंगाला वळत आला होता. दुसरं काही त्याला माहीतच नव्हतं.

आधी डावं चाक दगडांवरून सुटलं. केरबा किंचाळला नाही, असं सांगतात. काठावरच्या माणसांना फक्त "हं, हं" ऐकू आलं, घाण्यावर बैल थांबवायला तो करायचा तसं. मग छकडा नव्हता. जरा वेळानं डोहावर तेल वर आलं आणि गोल पसरलं.

केरबा सापडला नाही, बैल सापडला नाही. खाली लव्हाळ्यात अडकलेलं झापड तेवढं मिळालं. त्याची गाठ तशीच होती.

तेव्हापासून डोहातलं पाणी फिरू लागलं. काठावर कान दिला तर खालून घाणा करकरल्यासारखा आवाज यायचा म्हणे. लिंबाला तो घरीही यायचा. घरातला घाणा बैलावाचून उभा होता. तरी आवाज आला की लिंबा उठून घाण्याच्या लाटेवर, त्या फिरत्या लाकडावर, हात ठेवून बघायचा. लाट हललेली नसायची, पण हात तेलकट व्हायचा. आयाबाया भाकरी आणून ठेवायच्या, ती तशीच राहायची. कुणी समजूत घालायला आलं की तो अंगावर जायचा. "दादा दमलाय. त्याला खाली कुणी 'थांब' म्हणाया न्हाई," एवढंच बोलायचा. सगळा दिवस डोहाच्या काठाला, हातात झापड घेऊन.

वरच्या अंगाला जिथं नदी अरुंद आहे, तिथून येसूनं पलीकडं हाका मारून बातमी पोचवली. बारसं राहिलं.

पाऊस उघडत नव्हता. अशातच एका दुपारी पलीकडच्या काठाला बैलगाडी येऊन थांबली. गाडीत ठकू होती, पदराखाली बाळ. तिचा बाप गाडी हाकत होता. नवरा जिथं गेला ती जागा एकदा बघू द्या, म्हणून तिनं बापाला निघायला लावलं होतं.

लिंबा ताडकन उठला. दोन्ही हात हलवून ओरडू लागला, "येऊ नगासा! मागं फिरा, वैनी!" पाण्याचा आवाज एवढा, की पलीकडं शब्द पोचेना. हात तेवढे दिसत होते. दीर बोलावतोय, वाट मोकळी आहे, असं त्यांना वाटलं. ठकूच्या बापानं आसूड उगारला. बैल मागं सरत होते. तो त्यांना मारून पुढं घालत होता. एका बैलाचे पुढचे पाय पाण्यात गेले.

लिंबाच्या लक्षात आलं, ओरडून उपयोग नाही. आता जे काय सांगायचं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्यानं हातातलं झापड आपल्या डोळ्यांवर बांधलं.

"आरं, खुळा झालास का काय!" येसूनं त्याला कमरेला मिठी मारली.

"सोड, काका. मी गेल्याबिगार त्यास्नी कळायचं न्हाई."

येसूनं त्याला ओळखलं होतं. हा थांबणार नाही. त्यानं होडीचा दोर ओढून लिंबाच्या कमरेला करकचून बांधला आणि काठावरच्या माणसांच्या हातात दिला. तोवर लिंबा पाण्यात शिरलाही होता.

पलीकडून ठकूनं जे बघितलं, ते ती मरेपर्यंत सांगत राहिली, असं म्हणतात. डोळ्यांवर झापड बांधलेला माणूस छातीभर पाण्यातून येत होता. चाचपडत नव्हता. बाजारातून घरी निघाल्यासारखा येत होता. उजवा हात त्यानं पुढं धरला होता, मनगटाला धरून कुणी नेत असावं तसा. आणि तो वळत होता. एकेक पाऊल डावीकडं, डोहाकडं. तोंडावर भीती नव्हती. आपण वळतोय हे त्याला माहीतच नव्हतं.

ठकूनं झापड ओळखलं. आपल्या घाण्यावरचं, तिनंच शिवून दुरुस्त केलेलं. केरबा कसा गेला हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. ते तिला तिथं दिसलं. बाळ छातीशी धरून तिनं गाडीतून उडी टाकली आणि बैलांच्या वेसणीला हात घातला. "बाबा, मागं! मागं घ्या म्हंते ना!" वेसण धरून ती मागं रेटत राहिली, गाडी पुरी काठावर चढेपर्यंत.

इकडं येसूनं दोर ओढायला सांगितलं. लिंबा डोहाच्या तोंडाशी पोचला होता. माणसं ओढत होती आणि तो त्यांच्याशी झटत होता. काठावर आणून झापड काढलं तेव्हा तो सगळ्यांवर चवताळला.

"का वढलं मला? सरळ चाललो हुतो! दादा नेत हुता हाताला धरून!"

येसूनं त्याचा हात उचलून बघितला. मनगटावर चार बोटांचे तेलकट डाग होते. ते पुढं कधी गेले नाहीत, असं सांगतात. राखेनं घासले तरी.

पाणी उतरल्यावर ठकू अलीकडं आली. डोहाला हात जोडले. मग घाण्याच्या खोलीत, लिंबा बसला होता तिथं गेली.

"झापड कुणी आणलं हुतं?" तिनं विचारलं.

लिंबानं मान वर केली नाही. "मी."

बाळ रडायला लागलं, तरी ती तिथंच उभी होती. मग तिनं खुंटीवरचं झापड काढलं आणि त्याच्या पुढ्यात टाकलं. "मग आता त्ये घेऊन तूच उभा ऱ्हा. दर पावसाळ्याला. आणखी कुणाची बायकू माझ्यावानी हितं आली तर तोंड दावू नगंस."

लिंबानं झापड कपाळाला लावलं.

त्यानं पुन्हा घाणा चालवला नाही. कुळवाच्या कामावर जायचा, पुतण्याला खांद्यावर घेऊन फिरायचा. पण नदी गढूळ झाली की उतारावर उभा राहायचा. येणारे काहीबाही सांगायचे. कुणाला लग्नाला जायचं असायचं, कुणाला बाजार गाठायचा असायचा, कुणी म्हणायचं, मी इथलाच आहे, मला वाट पाठ आहे. पूर्वी भांडणाला पहिला असणारा लिंबा त्यांच्याशी हुज्जत घालायचा नाही. झापड पुढं करायचा. "वाट पाठ हाय न्हवं? मग हे बांध आन् जा. न्हाईतरी पान्याखालचं तुला काय दिसतंय?" माणूस झापड हातात घ्यायचा, पाण्याकडं बघायचा. बहुतेक मागं फिरायचे.

भिवाआबा इथं थांबतात. टपरीत कुणीतरी विचारतं, मग पुढं? आबा म्हणतात, पुढं काही नाही, हेच चालू आहे.

आजही फरशीवर पाणी आलं की शेलवडीचं एक माणूस झापड घेऊन रस्त्यावर उभं असतं. जुनं कातडं कुजतं तसं नवं शिवतात, आणि पहिल्यांदा त्याला तिळाचं तेल पाजतात. रांगेतला कुणी हट्टाला पेटला, गाडी उंच आहे, इंजिन दमदार आहे, आत्ता तर ट्रक गेला, असं म्हणू लागला, की काचेतून झापड त्याच्या हातात देतात. काही जण गमतीनं डोळ्यांना लावून बघतात. आत करकर ऐकू येते, असं त्यांच्यातले बरेच सांगतात. ते गाडी वळवतात.

गेल्या पावसाळ्यात गावातल्याच एका पोरानं झापड घेतलं, दोस्ताच्या गळ्यात अडकवलं, हसला, आणि भाजीचा टेम्पो फरशीवर घातला. अर्ध्यात गेल्यावर टेम्पो डावीकडं सरकू लागला. दिवे पाण्याखाली गेले तरी थोडा वेळ लागलेले दिसत होते, फिरताना.

यंदा झापड त्याचा धाकटा भाऊ धरतो. मिसरूडही धड फुटलेलं नाही. आबा त्याला चहा नेऊन देतात. तो उभ्यानंच पितो, डोळे डोहावर. तो कुणाला गोष्ट सांगत नाही, समजावत नाही. तुमच्या काचेपाशी येतो, झापड पुढं करतो. तुम्ही चिडा, हॉर्न वाजवा, वाटेल ते बोला. गाडीची चावी बंद होईस्तोवर तो हात मागं घेत नाही.