इश्बेलची उलटी काठी

एक होती इश्बेल. राणी नव्हे, बरं का, मेंढ्या राखणारी साधी बाई. सातासमुद्रापलीकडे स्कॉटलंड म्हणून मुलूख आहे. तिथं धुक्यातल्या एका डोंगरावर तिचं दगडी खोपट होतं. नवरा गेलेला. जवळ एक मेंढी आणि तिची तीन कोकरं. झाला संसार.

त्या डोंगराच्या पोटात एक बुटका राहायचा. दाढी पार पायांपर्यंत. दरसाल बर्फ वितळलं की तीन सकाळी तो वर यायचा आणि दारोदार फिरायचा. प्रत्येक घरापुढे एक खळगा असे, तुम्ही विटीदांडूला खणता तेवढाच. बुटका लांबून लाकडाचा तुकडा फेकायचा. दोन्ही टोकं तासलेली, अगदी आपली विटी. त्याला म्हणायचे मांजर. भोक दिसलं की शिरायचं, म्हणून मांजर. ते खळग्यात पडलं की त्या घरचं एक कोकरू डोंगराच्या पोटात गडप.

मग खळगा बुजवायचा की, असं तुम्ही म्हणाल. एका शहाण्यानं बुजवला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलीतच खळगा पडला. तेव्हापासून सगळे मुकाट्यानं कोकरं देत.

इश्बेलच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. मांजर खळग्यात पडलं तर कोकरू जातं. बरं. पण पडलंच नाही, तर? तिनं घरोघरी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारचा डुगल्ड म्हातारा म्हणाला, बायकांनी नसत्या चौकशा करू नयेत. इश्बेल आपली पुढच्या दाराकडे निघाली.

पहिल्या सकाळी ती खळग्यापुढे घागरा पसरून उभी राहिली. मांजर आलं, घागऱ्याला भोक पाडून खळग्यात. एक कोकरू गेलं.

दुसऱ्या सकाळी तिनं काठी घेतली. मेंढपाळाच्या काठीला वर आकडा असतो, मेंढीचा पाय धरायला. तो आकडा कायम आभाळाकडे. काठी उलटी होते ती एकदाच, धनी मेला की त्याच्या थडग्यावर रोवताना. म्हणून इश्बेलनं काठी सुलटीच धरली. खालचं टोक बोटाएवढं बारीक. मांजर जवभर अंतरानं निसटलं. दुसरं कोकरू गेलं. मेंढी दिवसभर दारात ओरडत राहिली.

मग इश्बेल नवऱ्याच्या थडग्यापाशी जाऊन बसली. तिथं त्याची काठी उलटी रोवलेली होती, आकडा अर्धा मातीबाहेर. आणि बघते तर काय, उतारावरून घरंगळत आलेले सगळे खडे त्या आकड्याला अडून राहिलेले. एकही पुढे गेलेला नाही. ती बघत राहिली. मग उठली आणि घरी गेली.

तिसऱ्या सकाळी सगळा गाव जमला. इश्बेलनं काठी उलटी केली. बायांनी पोरांचे डोळे झाकले. डुगल्ड म्हणाला, "अगं, जिवंतपणी स्वतःचं थडगं खणतेस."

बुटक्यानं मांजर फेकलं. इश्बेलनं आकडा जमिनीलगत फिरवला. टॉक! मांजर बुटक्याच्या डोक्यावरून उडालं आणि दूर धुक्यात गेलं.

बुटका बघतच राहिला. किती पिढ्या तो फेकत होता, पण मांजर कधी परत आलं नव्हतं. मग त्यानं दाढी काखोटीला मारली आणि धावत सुटला. इश्बेलला वाटलं, आता हा डोंगर अंगावर ढकलतो. तर हा मांजर घेऊन परत, धापा टाकत.

"हे पुन्हा करशील?" त्यानं विचारलं.

"आधी कोकरं आण," इश्बेल म्हणाली. "मग बघू."

तर बरं का, डोंगर उघडला. तिचीच दोन नव्हे, साऱ्या गावाची कोकरं उड्या मारत बाहेर आली. मग जो खेळ रंगला! दुसरा खळगा खणला. मांजरामागे लागते म्हणून काठीला नाव पडलं कुत्रा. उलटी काठी धरून दुसऱ्या खळग्यावर कोण उभं राहिलं? डुगल्ड म्हातारा. त्याला बाजूला करता करता नाकी नऊ आले.

तुमची क्रिकेटची बॅट तिथूनच निघाली म्हणतात. असेल, नसेल. कोकरांच्या मेंढ्या झाल्या, इश्बेल सुखानं म्हातारी झाली, आणि बुटका अजून म्हणतो, आणखी एकच डाव. तुम्ही नका म्हणू. तुमचा आजचा डाव झाला. पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा.