नाडकीचे दोन खण

इस्पितळात संगणक नवे नवे आले होते, तेव्हाची गोष्ट. एका संगणकाच्या पोटात नाडकी आणि चित्रसेन हे दोन प्रोग्राम शेजारी राहत. नाडकी रुग्णांचे ठोके मोजी आणि ठोका चुकला की घंटा वाजवी. चित्रसेन मोठमोठी छायाचित्रे रंगवी. प्रोसेसरच्या हाताशी सगळ्यांसाठी एकच लहान फळी होती, कॅश नावाची. बाकीचे सामान दूरच्या कोठारात, म्हणजे मेमरीत असे.

चित्रसेनाने सगळी फळी बळकावली. नाडकीला एकेका आकड्यासाठी कोठार गाठावे लागे आणि वाटेवरही चित्रसेनाचेच सामान वाहणाऱ्या गाड्यांची रांग. एकदा घंटा उशिरा वाजली. रुग्ण थोडक्यात वाचला.

“म्हातारी झाली ती, काढा तिला!” चित्रसेन ओरडला. इतर प्रोग्रामांनी माना डोलावल्या. फळीकडे एकानेही पाहिले नाही.

संगणकाची देखभाल करणाऱ्या कुमुदिनीबाईंनी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली. फळी कोणी किती अडवली, गाड्या कोणाच्या किती धावतात, सारे समोर आले. दुसऱ्या आज्ञेने त्यांनी फळीचे दोन खण नाडकीसाठी राखले आणि चित्रसेनाच्या गाड्यांना मर्यादा घातली.

“हा अन्याय आहे, बाई!” चित्रसेन म्हणाला.

“तुझं काम चालूच आहे रे. पसारा तेवढा आवरलाय.”

त्याच दुपारी एका रुग्णाचा ठोका चुकला. घंटा लगेच खणखणली, नर्स धावली, रुग्णाने डोळे उघडले. सगळ्यांनी नर्सचे आभार मानले.

नाडकी बाईंना म्हणाली, “तुमचे उपकार, बाई. मला हाकलण्याआधी मोजून पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच.”