तीन श्वासांचा उशीर

सह्याद्रीच्या एका उघड्या पठारावर काही हौशी माणसे दर रविवारी हँग ग्लायडर घेऊन उडायला जमत, आणि आप्पा नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्यांना शिकवीत. या छंदात माणूस एका मोठ्या तिकोनी पंखाखाली स्वतःला अडकवून घेतो, कड्याकडे चार पावले धावतो आणि हवेच्या स्वाधीन होतो. इंजिन नाही, आवाज नाही. आठवडाभराचा शीण उतरावा म्हणून मंडळी तिथे येत, आणि येताना आपापला स्वभाव बरोबर घेऊनच येत.

त्यांच्यात श्रीरंग नावाचा पाटबंधारे खात्यातला एक अभियंता होता. नऊ वर्षे तो आप्पांकडे शिकत होता. वाऱ्यावरची पुस्तके त्याने वाचली होती, वह्या भरून टिपणे काढली होती. तरी वीस मिनिटांच्या वर तो हवेत क्वचितच टिके. दोन वर्षांपूर्वी पारसशेठ नावाचे भुसार मालाचे व्यापारी तिथे आले. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेले, वाऱ्याबद्दल एक अक्षर वाचलेले नाही. आणि हे गृहस्थ घारींच्या सोबतीने दीड-दीड तास वर फिरत! कसे जमते असे विचारले तर हसून म्हणत, "काय की बुवा. तिकडं हवा ऊन वाटली, तिकडं गेलो."

वर चढणारी ऊन हवा वह्यांतून शोधणाऱ्या श्रीरंगच्या अंगाचा या उत्तराने तिळपापड होई. शेठजी वर असले की तो खाली बसून वारा पडण्याची वाट पाही. शेठजी घरून सगळ्यांसाठी मेथीचे ठेपले आणत. श्रीरंगही ते खाई, आणि ते चांगले झालेले असत याचाही त्याला राग येई. मत्सर एकदा मुक्कामाला आला की माणसाला ठेपलासुद्धा गोड लागू देत नाही.

आप्पांचा एक नियम होता. उड्डाणापूर्वी प्रत्येकाने पंखाखाली लोंबून दाखवायचे आणि जोडीदाराने त्याचा हूक वरच्या पट्ट्यात नीट अडकला आहे ना, हे हाताने चाचपून पाहायचे. हूक न अडकवता धावलेला माणूस नुसत्या हातांनी पंखाला लटकतो, आणि हात फार वेळ पुरत नाहीत. बाकीच्या जोड्या दर रविवारी बदलत. श्रीरंग आणि पारसशेठ ही एकच जोडी आप्पांनी दोन वर्षांत कधी बदलली नव्हती.

माघातल्या एका रविवारी श्रीरंगने तक्रार केलीच. "आप्पा, आज मला दुसरा जोडीदार द्या."

"का रे?"

"खरं सांगू? मला त्यांचं तोंड बघवत नाही."

"तोंड बघू नकोस. हूक बघ," एवढेच बोलून आप्पा पंखाच्या तारा तपासू लागले.

श्रीरंग धुसफुसत गेला. शेठजी पंखाखाली लोंबले, त्याने हूक चाचपला, सर्व ठीक होते. तेवढ्यात वारा पडला. शेठजींनी हूक सोडला, पंख जमिनीवर टेकवला आणि श्रीरंगचे हातमोजे खडकावर राहिलेले पाहून ते आपणहून आणून दिले. इतक्यात वारा पुन्हा भरला. शेठजींनी लगबगीने पंख उचलला. "धरा श्रीरंगभाऊ, चांगला आलाय!"

पंख सावरायला श्रीरंगने समोरच्या तारा धरल्या, आणि त्याला दिसले: हूक शेठजींच्या पाठीमागे मोकळा लोंबत होता.

"सोडा!" शेठजी म्हणाले.

त्याने तारा सोडल्या आणि तो बाजूला झाला. का, हे त्याला पुढे स्वतःलाही सांगता आले नाही. शेठजींनी मरावे असे त्याच्या मनात नव्हते. मनात होते ते एवढेच, की सर्वांदेखत या माणसाची एकदा फजिती व्हावी. एक श्वास गेला. दुसरा गेला. तिसऱ्या श्वासाला शेठजींनी पाऊल टाकले, तेव्हा पुढे कडा आहे हे श्रीरंगला जणू प्रथमच कळले.

"थांबा! हूक!" असे ओरडत त्याने पंखाच्या दांड्याला मिठी मारली. दोघेही गवतात कोसळले. कडा तिथून तीन हातांवर होता.

मंडळी धावली. शेठजींनी श्रीरंगला छातीशी धरले. "काय नजर आहे! याच्यामुळं वाचलो." सर्वांनी टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षे ज्या टाळ्यांसाठी तो झुरला होता, त्या आज पहिल्यांदा त्याच्या वाट्याला आल्या, आणि त्याला तिथे उभे राहवेना.

तो आप्पांना बाजूला घेऊन गेला. "आप्पा, मला आधीच दिसलं होतं. तीन श्वास मी गप्प बसलो."

आप्पा खडकावर बसले. मग म्हणाले, "तुझी जोडी मी का बदलली नाही, ऐक. स्नेही माणूस हूक बघताना गप्पा मारतो. सगळं ठीकच असणार असं धरून चालतो. तुझं तसं नव्हतं. शेठजींचं कुठं काही चुकतंय का, हे तू दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून शोधत होतास. म्हटलं, इतका दक्ष पहारेकरी त्यांना दुसरा कुठून मिळणार? तुझी नजर मी बरोबर ओळखली. पण मत्सर नजर जितकी तीक्ष्ण करतो, तितकीच जीभ जड करतो, हे लक्षात घेतलं नाही. तिथं मी चुकलो. तीन श्वास तुझे, पण दोष आपला दोघांचा."

"मग आता मी काय करू? मत्सर तर जात नाही."

"जाईल तेव्हा जाईल. तोवर जीभ सैल ठेव. आणि पहिल्यांदा त्यांना सांग."

श्रीरंग गवतात बसलेल्या शेठजींकडे गेला आणि त्याने एक शब्द न लपवता सारे सांगितले. ऐकता ऐकता शेठजींचे हसू मावळले. त्यांनी कड्याकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे.

"घरी माझी धाकटी लेक वाट बघते हो," ते म्हणाले. मग त्यांनीच विचारले, "आता दिसलं, तर बोलाल?"

"त्याच क्षणी."

शेठजी उठले. ते पंखाखाली शिरले, लोंबले आणि वाट पाहत राहिले. श्रीरंगने हूक चाचपला. एकदा नव्हे, तीनदा.

"अडकलाय, शेठजी. जा."

शेठजी धावले, उचलले गेले, आणि पाहता पाहता सर्वांच्या वर पोहोचले. खाली श्रीरंगच्या पोटात नेहमीसारखीच आग पेटली. त्या आगीसकट तो मान वर करून उभा राहिला, आणि वारा पडू नये अशी त्या दिवशी त्याने प्रथमच प्रार्थना केली.