कणकेतली चार बोटं

एका राज्यात आवाज हरवला होता. सगळा नव्हे, जाड तेवढा हरवला, बारीक तेवढा राहिला. जातं फिरायचं, पण घरघर नव्हती. हत्ती चालायचा तो मांजर चालल्यासारखा. राजा दरबारात हुकूम द्यायचा रातकिड्याच्या आवाजात, आणि सरदार ओठ चावून माना खाली घालायचे. घोरणारे नवरे गप्प झाले म्हणून बायका आठ दिवस खूश होत्या. नवव्या दिवसापासून त्यांनाच झोप लागेना.

हसण्यावारी नेऊन वर्षांमागून वर्षं निघाली असती. पण त्या राज्याच्या तळ्याला दगडाचं एक दार होतं. वर्षातून एकदा, वैशाखातल्या पहिल्या सोमवारी, त्या दारापुढे मृदंग वाजायचा. मृदंगाच्या डाव्या अंगाची ‘धुम्म’ ऐकली की दार उघडायचं, पाणी पाटाने शेतात जायचं, शेतातून झिरपून विहिरीत जायचं. दुसऱ्या कशाने ते दार उघडत नसे. पहारीने नाही, हत्तीने नाही, मंत्रानेही नाही. आता सोमवार नऊ दिवसांवर आला होता. राजाच्या वादकांनी आपापले मृदंग दारापुढे वाजवून पाहिले. पापड मोडल्यासारखा आवाज आला.

दाराचा खरा मृदंग गोंदाच्या घरी होता. खोळ घातलेला, खुंटीला टांगलेला.

गोंदा सतरा वर्षांचा. डोकं तापट, अक्षरओळख अर्धी. आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या बहिणीने, गिरजाने, त्याला वाढवला. मृदंग तीच वाजवायची. वर्षातून एक दिवस, पण त्या एका दिवसासाठी ती महिनाभर हात बसवायची. त्या सोमवारी सकाळी ती परातीत कणीक मळायची. एक गोळा पोळ्यांना, एक गोळा मृदंगाला. मृदंगाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर, ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. आणि वाजवून झालं की ती कणीक त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत, खरवडून काढायची, ही त्या घराची रीत.

गेल्या वैशाखात गिरजाने दार उघडलं, घरी आली, अंगात कणकण आली म्हणून निजली आणि तिसऱ्या दिवशी गेली. त्याच सोमवारच्या सूर्यास्तापासून राज्यातला जाड आवाज गेला होता. लोक म्हणत, राज्याने गिरजाचं सुतक दोन दिवस आधीच धरलं.

दिवस-तेरावं झाल्यावर गोंदाने खोळ उघडून पाहिली. कणीक तशीच होती, वाळून दगड झालेली, आणि तिच्यात चार बोटं उमटलेली होती. गिरजाच्या डाव्या हाताची. करंगळी जरा वाकडी, कारण लहानपणी ती उखळात सापडली होती. गोंदाने खोळ बांधली ती बांधली.

राजाचा कारभारी आला. म्हणाला, “गोंदा, मृदंग राजवाड्यात दे. आमचा वादक जुनी कणीक काढील, नवी लावील, वाजवील. मागशील ते मिळेल.”

“देत नाही.”

“तू वाजवणार आहेस?”

“मला येत नाही.”

“मग त्याचं करणार काय?”

गोंदाने कारभाऱ्याच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भागाकाकू आल्या. “बाबा, न वाजणारा मृदंग म्हणजे न दुभणारी म्हैस. देऊन टाक. आमच्या विहिरीत तरी पाणी येईल.” तिसऱ्या दिवशी गल्ली आली. चौथ्या दिवशी गोंदाचं डोकं फिरलं. त्याने मृदंग खांद्याला मारला आणि भर चौकात ओरडला, “विकतो! पण कणकेसकट घेईल त्यालाच!”

कणकेसकट मृदंग घेणारा त्या राज्यात एकच होता. अबोलगडचा मूकनाथ.

मूकनाथ जादूगार होता. त्याच्या गडावर चारही भिंतींना वाद्यंच वाद्यं होती. एका सनईच्या पत्तीवर विड्याचा लाल डाग होता. एका सारंगीच्या गजाला पांढरा केस अडकला होता. कशावर धूळ नव्हती आणि कशाचा आवाज नव्हता.

मूकनाथाने खोळ उघडली, चार बोटं पाहिली, खोळ मिटली. म्हणाला, “घेतो. माझ्याकडे आलेली वस्तू झिजत नाही, किडत नाही आणि वाजत नाही. तुझ्या बहिणीची बोटं हजार वर्षं अशीच राहतील.”

“आणि मला काय?”

“तुझं दुःख मी ठेवून घेईन. बहीण आठवेल, पण टोचणार नाही. काल पाहिलेल्या वाटसरूसारखी आठवेल.”

गोंदा वर्षभर नीट जेवला नव्हता. तो म्हणाला, “चालेल.”

“पण चोरीचा माल मी घेत नाही. तीन साक्षी आण. एक, ज्याने घडवला त्याची. दुसरी, ज्याने शेवटचा ऐकला त्याची. तिसरी, वाजवणारीच्या शेवटच्या शब्दाची.”

“तिसरी तर...” गोंदाने मृदंग पुन्हा खांद्याला मारला. “ती शेवटी सांगतो.”

मृदंग घडवणारा म्हातारा सिद्राम नदीपलीकडे राहायचा. त्याने मृदंग मांडीवर घेतला, नाकाशी नेला आणि गोंदाच्या पाठीत एक धपाटा घातला.

“वर्षभर कणीक तशीच? अरे गाढवा, ओली कणीक म्हणजे कातड्याचं लोणी आणि वाळली म्हणजे जळू! हे बघ, कडेला तड गेलीय. आणखी आठवडाभर अशी राहिली तर पुडी टरकन फाटेल. आणि हे कातडं आता मिळायचं नाही. ज्या सांबराचं होतं ते बोलणारं सांबर होतं, स्वतःच्या मरणाने मेलं आणि मरताना मला देऊन गेलं. असं सांबर पुन्हा झालं नाही.”

“मूकनाथाकडे नाही फाटणार.”

“नाही फाटणार,” सिद्राम म्हणाला. “मेलेल्याला ताप येत नाही, तसं.” त्याने मृदंगाच्या चामड्याच्या वादीचं लोंबतं टोक कापून साक्ष म्हणून दिला आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या साक्षीसाठी गोंदा तळ्यावर गेला. मृदंग शेवटचा ऐकला तो दगडाच्या दाराने, असं त्याला वाटत होतं. त्याने दाराला विचारलं, “तू शेवटचा ऐकलास का?” तेवढ्यात बाभळीवरून कोणीतरी बोललं. आवाज असा, की तळ्याच्या पाण्यावर कढ आल्यासारख्या लाटा उठल्या.

“शेवटचा मी ऐकला.”

गोंदा मागे सरकला. वर हत्ती असावा असं त्याला वाटलं. वर मूठभर साळुंकी होती.

“घाबरू नकोस,” साळुंकी गरजली. “मीच घाबरले आहे. वर्ष झालं, हा आवाज माझ्या गळ्यात आहे.”

“तुझ्या गळ्यात कुठून आला?”

“तो आमचाच. फार पूर्वी साळुंक्यांचा आवाज असाच होता. आमच्या पूर्वजांनी तो तुमच्या राज्याला दिला. मृदंगात ठेवला, तिथून सगळ्यांनी घेतला. मोबदला ठरला वर्षाला एक घास. मृदंगावरची कणीक, त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत. तुझी अक्का घरी आली की अंगणात एक थाप मारायची. ती मला हाक. गेल्या वर्षीही मारली. मी आले. आढ्यावर बसून राहिले. घास आला नाही. सूर्य बुडाला आणि आवाज माझ्याकडे परत आला.”

“मग आनंदाने ठेव. मोठा आवाज कोणाला नको असतो?”

“मला. नवरा पहिल्या हाकेलाच पळाला. तीन अंडी घातली. पिलांशी बोलायला गेले तर दोन तडकली. तिसऱ्या अंड्याशी मी महिनाभर बोललेली नाही. ते उबलं आहे. आतून चोच वाजते. बाहेर येऊन ते आईला हाक मारील, आणि मी ओ दिली तर मरेल.” साळुंकीने मान वळवली. “माझा घास दे.”

गोंदाने मृदंग पोटाशी धरला. “नाही देणार. तिची बोटं आहेत त्यात.”

“माझं पिलू आहे.”

“तिचं दुसरं काहीच राहिलं नाही माझ्याकडे!” गोंदा ओरडला. त्याचा आवाजही बारीकच निघाला.

साळुंकीने पंखातलं एक पीस उपटून खाली टाकलं. “ही घे साक्ष. शेवटचा मी ऐकला, हे खरं आहे, म्हणून देते. विकायचा तर विक. पण मी बरोबर येणार. विकताना माझ्याकडे बघून विक.”

दोघं अबोलगड चढले. गोंदा पुढे, साळुंकी झाडाझाडावरून मागे. तो वाटेत एकदाही वळला नाही.

मूकनाथाने वादी घेतली, पीस घेतलं. “तिसरी.”

“शेवटचा शब्द ‘शहाणा’,” गोंदा म्हणाला.

“कोणाला म्हणाली?”

“मला.”

“कशावरून?”

“ते ठरलं नव्हतं.”

“शब्दाची साक्ष म्हणजे अर्ध्या शब्दाची नव्हे,” मूकनाथ म्हणाला. “कशावरून?”

गोंदा खाली बसला. मृदंग समोर ठेवला. साळुंकी खिडकीत बसली होती. तो जमिनीकडे बघून बोलू लागला.

“त्या दिवशी ती आली आणि आडवी झाली. म्हणाली, गोंदा, मला उठवत नाही, कणीक तेवढी काढ, साळुंकी थांबलीय. मी म्हणालो, काढतो गं. बाहेर पोरं कुस्ती खेळत होती. मी गेलो. आलो तेव्हा अंधार झाला होता. तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडेना. दुपारी एकदा उघडले. म्हणाली, काढलीस का रे? मी...” त्याने बाहीने नाक पुसलं. “मी म्हणालो, काढली. ती म्हणाली, शहाणा. मग काही बोलली नाही.”

भिंतीवरची वाद्यं जशी होती तशीच होती. मूकनाथ म्हणाला, “साक्ष पुरी झाली. मृदंग माझा, दुःख माझं. ठेव हात या उंबऱ्यावर आणि उठून जा. खाली उतरेपर्यंत यातलं काहीच टोचणार नाही.”

गोंदाने उंबऱ्यावर हात ठेवायला पुढे केला. तसाच राहिला.

“हेही नाही टोचणार? मी खोटं बोललो ते?”

“तेच आधी जाईल.”

“मग तिला खरं कोण सांगणार?”

गोंदाने हात मागे घेतला. विचार करणं त्याला कधी जमलं नव्हतं; त्याने नुसती खोळ ओढून काढली आणि म्हणाला, “सौदा मोडला.”

“मोडला,” मूकनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उतरला नाही. “वाळलेली आहे. कोरडी खरवडशील तर पुडी फाटेल. पाणी कोपऱ्यात आहे.”

गोंदाने ओंजळीने पाणी घातलं. कणीक हळूहळू फुगली, मऊ झाली. चार बोटांच्या कडा बसायला लागल्या. त्या बसायच्या आत गोंदाने आपली चार बोटं त्यात ठेवली. तीन नीट बसली. करंगळीची जागा वाकडी होती, तिथे त्याला आपली करंगळी वाकवावी लागली. तो श्वास दोन श्वास तसा बसला. मग नखांनी, कडेकडेने, कातड्याला न दुखवता, त्याने सगळी कणीक काढली आणि गोळा करून खिडकीपुढे धरली.

साळुंकीने घास घेतला. गिळला. चोच पुसली आणि म्हणाली, “शिळी आहे.”

आवाज सुईएवढा बारीक होता. ती चकित झाली. तिने पुन्हा म्हटलं, “शिळी आहे, शिळी आहे, शिळी आहे!” आणि घरट्याकडे उडाली.

त्याच घटकेला खाली राजधानीत राजा शिंकला आणि दरबारातले सगळे सरदार उभे राहिले. जाती घरघरली. हत्तीने पाऊल टाकलं तशी घरांवरची खापरं हलली. अबोलगडावरच्या एका सारंगीची जाड तार आपसूक हुंकारली. मूकनाथाने तिच्यावर तळवा ठेवला आणि गोंदाच्या पाठीमागे दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी गोंदाने परातीत कणीक मळली. पाणी जास्त झालं, पीठ घातलं. पीठ जास्त झालं, पाणी घातलं. भागाकाकू दारातून म्हणाल्या, “अरे, वऱ्हाड जेवायचं आहे का?” शेवटी दोन गोळे झाले. एक पोळ्यांना, एक मृदंगाला.

तळ्यावर सगळं राज्य जमलं होतं. राजा म्हणाला, “तुला वाजवता येत नाही, असं ऐकतो.”

“तीन दिवस शिकलो होतो, महाराज. मग पळालो. डाव्या हाताची एक थाप तेवढी येते.”

“पुरेल?”

“ठाऊक नाही.”

सिद्रामने पुडीच्या तडीला टाका घातला होता. गोंदाने कणीक थापली, मृदंग मांडीवर घेतला. पहिली थाप चुकली, पोरं हसली. दुसरी कणकेत रुतली. तिसऱ्या वेळी त्याने करंगळी जरा वाकडी ठेवली, का ते त्याचं त्यालाच माहीत, आणि हात सोडला.

धुम्म.

दगडाचं दार उघडलं. पाणी पाटांत शिरलं. भागाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग आपल्या विहिरीकडे पळाल्या. त्या रात्री राज्यातले सगळे नवरे घोरले आणि बायका गाढ झोपल्या.

पण त्याआधी, सूर्य कासराभर वर असताना, गोंदा घरी आला होता. अंगणात बसून त्याने एक थाप मारली. साळुंकी आढ्यावर आली. पाठीवर बसवून आणलेलं एक पिलू होतं, पिसं न फुटलेलं, मोठ्या तोंडाचं. गोंदाने कणकेकडे पाहिलं. तिच्यात त्याची बोटं उमटली होती. त्याने ती खरवडली, दोन घास केले आणि दोघांना घातले. पुडी ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली, खोळ घातली, मृदंग खुंटीला टांगला.

मग तो गिरजाच्या रिकाम्या अंथरुणापाशी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, “काढली, अक्का.”

जाड आवाज मृदंगाला मिळाला, बारीक साळुंकीला मिळाला, पाणी शेताला मिळालं. ज्याचा घास त्याच्या चोचीत पडला, आणि कथा खुंटीला टांगली.