तोट्याची दावत

"पण मग लोकांना सांगू तरी काय, बाबा?"

दर्गा सांभाळणारे शर्फूबाबा त्याच्या मागच्या पडवीत शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोर मुज्तबा सरखोत उभा होता. पाठीवर बॅग, हातात बॅग, कपाळावर घाम. विमानानं मुंबई, मुंबईहून एसटीनं निगडोली, आणि एसटीतून उतरल्यावर घरी न जाता खाडीच्या कडेकडेनं, करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत तो थेट इथं आला होता. चोरासारखा.

कारण नाक्यावर फलक लागला होता. त्याच्या चुलतभावानं, अंजुमनं, हौसेनं छापून आणलेला. हिरव्या रंगावर मुज्तबाचा कोटातला फोटो आणि खाली हातभर अक्षरं: 'निगडोलीचे सुपुत्र डॉ. मुज्तबा सरखोत यांचे हार्दिक अभिनंदन.'

आणि मुज्तबा डॉक्टर झालेला नव्हता.

व्याज न घेता, न देता बँक कशी चालवायची, याचं एक शास्त्र आहे. त्या इस्लामी बँकिंगमध्ये डॉक्टरेट करायला तो क्वालालंपूरला गेला होता. अरबीची पहिली अक्षरं त्यानं लहानपणी याच पडवीत, बाबांच्या समोर बसून गिरवली होती. पुढं तो इतका शिकला की सुट्टीत आला म्हणजे गावालाच शिकवायचा. कुणाच्या ठेवीवर बोट ठेव, कुणाच्या भिशीत खोट काढ. मागल्या खेपेला तर त्यानं जुम्म्याच्या नमाजनंतर चारचौघांत बाबांचाच एक अरबी उच्चार सुधारला होता. बाबांनी तो शब्द लगेच त्याच्यासारखा म्हणून पाहिला होता आणि खूश होऊन दिवसभर म्हणत राहिले होते.

त्याचा प्रबंध भागीदारीवर होता. एकानं भांडवल घालायचं, दुसऱ्यानं मेहनत. नफा झाला तर ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचा. तोटा झाला तर एकाचा पैसा जाणार, दुसऱ्याची मेहनत जाणार. आपापलं दोघांनी सोसायचं. 'व्याजात एकटा बुडतो, भागीदारीत दोघं भिजतात' असं एक वाक्य त्यानं प्रबंधाच्या सुरुवातीलाच घातलं होतं, आणि त्याचं त्यालाच ते फार आवडायचं.

तोंडी परीक्षेत एका म्हाताऱ्या मलय प्राध्यापिकेनं त्याला एवढंच विचारलं, की तोट्यावरच्या तुझ्या प्रकरणात आकडे आहेत, कायदा आहे, पण माणूस कुठं आहे? तोटा वाटून घेताना माणसाला वाटतं तरी काय? मुज्तबानं समीकरण सांगितलं. तिनं पुन्हा तेच विचारलं. त्यानं दुसरं समीकरण सांगितलं. मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला...

प्रबंध परत आला. तोट्याचं प्रकरण नव्यानं लिहा आणि वर्षभरानं पुन्हा परीक्षेला बसा.

हे सगळं त्यानं बाबांना उभ्या उभ्या सांगितलं. आता त्याचं म्हणणं असं होतं, की निकाल लांबलाय असं लोकांना सांगावं. तेही त्यानं नाही, बाबांनी सांगावं. बाबांच्या शब्दावर गावात कुणी शंका घेत नाही.

बाबांनी एक शेंग मोडली. तिचा दोर शेवटपर्यंत ओढून काढला.

"पास झाला असतास तर आज काय केलं असतंस?"

"दावत दिली असती. सगळ्या गावाला."

"कशाला?"

मुज्तबाला हा प्रश्नच कळला नाही. आनंद वाटायला, तो म्हणाला. गावाचाही हक्क आहे.

"जाताना जमातीच्या हॉलमध्ये भाषण केलं होतंस. काय म्हणाला होतास?"

"म्हणालो होतो... ही पदवी जितकी माझी, तितकीच तुमची."

"खोटं बोलला होतास?"

"नाही, बाबा."

"मग नापास कुणाचं?"

खाडीवरून वारा आला आणि शेंगांच्या साली पडवीभर पसरल्या.

"अर्धं नापास गावाचं आहे," बाबा म्हणाले. "गावाचा वाटा बॅगेत घालून तू करवंदीतनं पळतोयस. भागीदाराचा वाटा असा लपवला, तर तुझ्या शास्त्रात त्याला काय म्हणतात?"

...

विश्वासघातासाठीचा तो अरबी शब्द त्याला ठाऊक होता. त्या एका शब्दावर त्यानं अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

"खयानत."

"उच्चार बरोबर आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, दावतीसाठी बकरा सांगून ठेवला होतास का. मुज्तबानं खाली बघून कबूल केलं, की हो, तिकडूनच फोन करून सांगितला होता. पास होणार याची खातरीच होती.

"मग आण."

"पण बाबा, मी नापास झालोय."

"बकऱ्याला काय त्याचं?"

दावतीचं आमंत्रण दुसऱ्या कुणी करायचं नाही, घरोघरी त्यानं स्वतः जायचं, आणि दावत कशाची आहे ते दारातच सांगायचं, अशी बाबांची अट होती. मुज्तबानं बॅगा तिथंच टाकल्या आणि आधी घरी गेला.

आई ओट्यावर उभी होती. नवी साडी नेसून. त्याला पाहताच ती पुढं आली आणि त्याच्या चेहऱ्याकडं पाहून थांबली. मुज्तबा ठरवलेली वाक्यं सगळी विसरला. तो नुसतं म्हणाला, की आई, मी नापास झालो, आणि उद्या त्याची दावत आहे.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "किती माणसांचा तांदूळ भिजवू?"

तो तिथंच पायरीवर बसला. आईच्या गुडघ्याला डोकं लावून तो रडला. रडता रडता माणसं मोजली.

पुढची घरं त्यामानानं सोपी गेली. पहिल्या दारात त्याचा आवाज फुटत नव्हता. वाडीच्या टोकाला पोचेपर्यंत तो "नापास झालोय, जेवायला या" हे इतकं सरळ सांगू लागला, की लोक आधी हो म्हणत आणि मग दचकत. एका म्हाताऱ्यानं तर सवयीनं "मुबारक हो" म्हटलं, आणि मुज्तबानंही सवयीनं "शुक्रिया" म्हटलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग दोघांनाही हसू आवरेना.

अंजुम मात्र हिरमुसला. फलकाचं काय करायचं, त्यानं विचारलं.

बाबांनी तो उतरवून दर्ग्याच्या अंगणात आणायला सांगितला. जेवायला खाली अंथरायला दस्तरखान लागणारच होतं. अंजुमनं तो पालथा अंथरला, म्हणजे फोटो दिसायला नको.

"सुलटा घाल," बाबा म्हणाले. "खातोय कुणाचं, ते दिसू दे."

जुम्म्याची नमाज झाली आणि गाव जमलं. मोहल्ल्यातले आले, कोळीवाड्यातले आले, शाळेच्या हेडबाई आल्या. देगीचं झाकण उघडलं तसा बिर्याणीचा वास चिंचेच्या झाडापर्यंत गेला. पण माणसं अवघडलेली होती. अभिनंदन करावं तर कशाचं? हळहळावं तर बिर्याणी समोर. सगळे माना खाली घालून फलकाकडं बघत बसले. कोळीवाड्यातल्या धोंडू तांडेलांची थाळी नेमकी मुज्तबाच्या नाकावर आली होती. ती ते अदबीनं जरा बाजूला सरकवू लागले, तर 'डॉ.' वर गेली.

बाबा उठले.

"ही तोट्याची दावत आहे," ते म्हणाले. "वाटा घ्यायला आलात. आधी आपलाही थोडा तोटा टाका, मग जेवा."

कुणाला काही समजेना. मुज्तबालाही नाही. एवढी माणसं अंगणात, आणि देगीखालची लाकडं तडतडतायत ते ऐकू येत होतं...

मग धोंडू तांडेल खाकरले. मागल्या हंगामात आपलं नवं जाळं खडकात फाटलं, हे सगळ्यांना माहीत आहे, ते म्हणाले. दर्या खवळला होता, असं आपण सांगितलं होतं. दर्या कसला खवळतोय. पाणी ताटातल्यासारखं शांत होतं. आपण सुकाणूवर बसल्या बसल्या घोरत होतो.

त्यांची बायको बायकांच्या पंगतीतून म्हणाली, की ती घोरण्याची गोष्ट मला विचारली असती तर मी तेव्हाच सांगितली असती.

पहिलं हसू तिथं फुटलं.

हेडबाई म्हणाल्या, स्कूटरच्या परीक्षेत आपण नापास झालो ते ट्रॅफिकच्या नियमांमुळं नव्हे. आपण परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्याच पायावरून गाडी नेली. अंजुम उठून उभा राहिला. दुबईची नोकरी मी सोडली असं सांगत आलो, तो म्हणाला, पण नोकरीनंच मला सोडलं. मालकाच्या पाहुण्यांना विमानतळावर आणायला गेलो आणि भलतीच माणसं घेऊन आलो. ती माणसं मालकाकडं जेवूनही गेली.

आता लोकांना थांबवणं कठीण झालं. एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होत होता. कुणी लपवलेलं, कुणी फिरवून सांगितलेलं, वर्षानुवर्षं एकट्यानं उराशी धरलेलं असं काय काय त्या हिरव्या फलकावर येऊन पडत होतं, आणि प्रत्येक गोष्टीगणिक बसलेली माणसं एकमेकांच्या जास्तच जवळ सरकत होती.

शेवटी मुज्तबाची आई उभी राहिली.

ती मुलाकडं न बघता बोलली. मी शाळेत नेहमी पहिली यायचे असं याला लहानपणापासून सांगत आले, ती म्हणाली. एक मार्क कमी पडला की याला मी माझं उदाहरण द्यायचे.

"मी चौथीत नापास झाले," ती म्हणाली. "म्हणून तर शाळा सुटली."

मुज्तबानं तिच्याकडं पाहिलं. आयुष्यभर तो ज्या मुलीला हरवायला धावत होता, ती मुलगी नव्हतीच. मग तो हसायला लागला, आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. आईही तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती.

"बाबा," कुणीतरी मागून विचारलं, "आणि तुमचा तोटा?"

बाबांनी विचार केल्यासारखं केलं.

"मी याला अरबी शिकवली."

त्या दिवशीचं अंगणातलं हसणं पलीकडच्या काठावर होडी बांधत असलेल्या माणसांना ऐकू गेलं. लग्न कुणाचं आहे, म्हणून त्यांनी ओरडून विचारलं.

मुज्तबाला एकाएकी ती मलय प्राध्यापिका आठवली. तिचा टेबलावर काढून ठेवलेला चष्मा आठवला. त्यानं चटकन खिशातून पेन काढलं आणि कागदासाठी इकडंतिकडं पाहू लागला.

बाबांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि बिर्याणीचा डाव दिला.

"आधी वाढ."

तो वाढायला लागला. पंगतीमागून पंगत उठली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी जाता जाता म्हणालं, की वाटा पोचला रे. तिसऱ्या प्रहरी देग खरवडून झाली तेव्हा त्याचा सदरा केशराच्या डागांनी भरला होता आणि मनगट दुखत होतं. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

माणसं पांगली. बाबा खाडीकडच्या पायऱ्यांवर पाणी पीत बसले होते. मुज्तबा त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. भरतीचं पाणी चढत होतं.

"बाबा, पुढच्या वर्षी पुन्हा नापास झालो तर?"

"दोन देगी चढवू."

"आणि पास झालो तर?"

बाबांनी यावर बराच विचार केला.

"मग चहा पुरे."