राणीची जास्वंद

पाय घ्या बघू पांघरुणात. हं, आता ऐका.

एक होती राणी, कनकावती तिचं नाव. लग्न होऊन ती लांबच्या राज्यात निघाली, तेव्हा आईनं अंगणातल्या जास्वंदीची एक फांदी तिच्या ओटीत घातली. पुढं आई वारली. मग राणीला माहेर म्हणून उरली ती एवढी जास्वंदच. रोज सकाळी तिच्याशी बोलायची, बरं का!

एकदा काय झालं, परक्या मुलखातून एक व्यापारी आला. त्यानं राणीला सोनेरी पानांचं रोप दिलं. राणी अशी हरखली! जास्वंदीला अगदी खेटून लावलं तिनं ते. पानांखाली पांढरं पीठ होतं, ते बघितलंच नाही वेडीनं.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. राणीनं जास्वंदीच्या फांद्याच वाण म्हणून दिल्या. एक जावेला, एक मैत्रिणीला, एक धुरपा कुंभारणीला.

थोड्या दिवसांनी जावेचं सीताफळ सुकलं. मग मैत्रिणीची वांगी गेली. मग धुरपाची पपई वाळली. एकच झाड होतं हो तिचं! ती रडतच राजवाड्यात आली.

"राणीसरकार, तुमच्या वाणाला पीठ लागलं हुतं. अन् ते पीठ चालतंय, बारीक किडं हायती ती!"

राणी बागेत धावली. जास्वंद पांढरीफट्ट झाली होती. आणि काय सांगू, ती चक्क बोलली!

"लेकी, मला जाळ. नाहीतर गावात हिरवं पान उरायचं नाही."

"अगं, तुला कशी जाळू? दुसरं कोण आहे मला?"

"शेंड्याची एक स्वच्छ काडी घे. धू आणि बाळंतिणीसारखी वेगळ्या खोलीत ठेव. रोज पानं उलटून बघ."

राणी रडली, खूप रडली. पण तिनं स्वतःच्या हातानं आग लावली. सोनेरी रोपही त्यातच टाकलं. मग तिन्ही घरी स्वतः गेली, रोगट झाडं मागून आणली आणि तीही जाळली.

काडीला पालवी फुटली. राणी रोज पान उलटायची. पीठ नाही! मग एकदाची ती अंगणात लावली. पहिलं फूल आलं, ते घेऊन राणी धुरपाच्या दारात गेली. "माझं चुकलं गं," म्हणाली आणि फूल तिच्या अंबाड्यात खोवलं.

धुरपानं डोळे पुसले. राणीचा हात धरून परसात नेलं. तिथं पपईचं नवं रोप वाऱ्यावर डोलत होतं. दोघींनी वाकून त्याचं पान उलटलं. स्वच्छ!

तशी सगळ्यांची झाडं पुन्हा हिरवी झाली. तुम्ही मावशीकडून आणलेलं रोप ना? आहे ते पडवीत, एकटंच. उद्या उजाडल्यावर बघू हं त्याची पानं. मिटा डोळे आता.